माझ्या कागदावरच्या टिकल्या

आमच्याकडे सोमवारी सकाळी भिंत लागते. म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, कारण ते कळल्याशिवाय माझी फजिती कळायची नाही.

आम्ही तिघं वस्तूंचे डिझायनर आहोत. कपड्यांचे नाही, घरांचे नाही, वस्तूंचे. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले आहे की "म्हणजे इंटीरियर का गं?" असं विचारणाऱ्या मावशीला आता "हो" म्हणून मोकळी होते. डबा, खवणी, पंख्याचं बटण, दवाखान्यातला सलाइनचा स्टँड, काय वाटेल ते. कुणी कारखानदार येतो, मला असं असं काढायचंय म्हणतो, आणि ती वस्तू हातात कशी धरली जाईल, धुतली कशी जाईल, मोडली तर कुठे मोडेल, हे आम्ही ठरवून देतो. तिघांनीही मोठ्या कंपन्यांतल्या चांगल्या नोकऱ्या सोडल्या, त्याचं कारण एकच. तिथे रेघ आमची असायची आणि नाव साहेबाचं. म्हणून स्वतःचं सुरू करताना पहिला नियम हा केला की इथे कुणाचंच नाव लागणार नाही. साहेब कुणी नाही, हाताखालचं कुणी नाही. बाहेर जाईल ते तिघांचं.

भिंत त्या नियमातूनच आली. नवं काम आलं की प्रत्येकाने तीन कागद काढायचे. कागदाचं माप तेच, काळं पेन तेच, खाली नाव नाही. सोमवारी एकेकाने आत जायचं, दार लावायचं आणि आपले कागद भिंतीवर वाट्टेल तिथे चिकटवायचे. मग तिघांनी मिळून आत शिरायचं आणि एकेका कागदाची सालटी काढायची. फक्त "हा कुणाचा?" हे विचारायचं नाही. शेवटी प्रत्येकाच्या हातात दोन टिकल्या. आवडलेल्या दोन कागदांना एकेक लावायची, स्वतःच्या कागदाला लावायची नाही. म्हणजे कागदाला दोन टिकल्या मिळाल्या की बाकीच्या दोघांचंही एकमत झालं, तो पुढे गेला. टिकल्या खऱ्याच, कपाळाला लावायच्या, तुळशीबागेतल्या. स्टेशनरीवाल्याकडचे रंगीत ठिपके दुपारपर्यंत गळून पडायचे. टिकली घामातही टिकते.

बाहेरच्यांना ही पद्धत सांगताना आमची छाती फुगायची. काय लोकशाही, काय निर्मळपणा! आणि त्यातली बावळटपणाची गोष्ट तिघांपैकी कुणीही कधी तोंडातून काढली नाही. नाव नव्हतं, पण रेघ होती की! वर्षानुवर्षं शेजारी बसून काम करणाऱ्या माणसाची रेघ ओळखू येत नाही म्हणणं म्हणजे नवऱ्याची खोकण्याची ढब ओळखू येत नाही म्हणण्यासारखं आहे.

आमचा तो, म्हणजे आमच्यातला वयाने मोठा, खांद्यापासून हात फिरवून लांब रेघ ओढतो आणि तीच रेघ पुन्हा एकदा गिरवतो. त्याच्या कागदावर सगळ्याला जुळी सावली असते. वाढला शनिवार पेठेत, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, घर चार पिढ्यांपासून तिथलंच. ईदला त्याच्या अम्मीच्या हातचा शीरखुर्मा खायला आम्ही न बोलावता जातो. त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आणि टोमणे तर अस्सल पेठेतले. ती, आमच्यातली धाकटी, पेन इतकं दाबते की मागच्या बाजूने हात फिरवला तर चित्र बोटाला लागतं. ती हडपसरची. आजोबांची तिथे शेती होती, आता त्या शेतीत काचेच्या इमारती उभ्या आहेत. आमचा स्टुडिओ तिच्या वडिलांच्या जुन्या गोदामात आहे. कंपनीत ती माझ्या हाताखाली होती. "हिला पेन धरायला मी शिकवलं" असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे, ती समोर उभी असतानासुद्धा. आणि माझी खूण म्हणजे कोपरे. माझ्या दोन रेघा कोपऱ्यावर थांबत नाहीत, एकमेकींना ओलांडून जरा पुढे जातात.

हे सगळं तिघांना ठाऊक होतं. तरी आम्ही दर सोमवारी अनोळखी माणसांसारखे त्या भिंतीसमोर उभे राहायचो.

आता माझं. माझा संसार मोडला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, कुणी कुणाला मारलं नाही, कुणी पळून गेलं नाही. एकमेकांचा आवाज नको झाला, एवढंच. दोन बॅगा आणि ड्रॉइंगचा बोर्ड घेऊन मी कर्वेनगरला आईबाबांकडे राहायला आले. चाळिशी उलटलेल्या मुलीने लहानपणच्या खोलीत परत झोपणं फार विचित्र असतं. सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून मान तिरकी करायच्या. ती तिरकी मान मला डोक्यात जायची. "कशी आहेस?" यातला "कशी" लांबवला की मी फटकन म्हणायचे, "उत्तम! तुमचे गुडघे कसे आहेत?" आई म्हणायची, अगं, जरा नीट बोलावं. मी म्हणायचे, कीव करायला येतात त्यांच्याशी काय नीट बोलायचं?

मला कीव सहन होत नाही, हे मी तेव्हा सगळ्यांना ठणकावून सांगत होते. स्टुडिओतही पहिल्याच दिवशी सांगितलं. "माझ्याशी हळू बोलायचं नाही. मी आजारी नाही." तो म्हणाला, "तुझ्याशी हळू बोलायची कुणाची बिशाद आहे?" ती हसली. तो विषय तिथे संपला, असं मला वाटलं.

आणि मग माझे कागद जिंकायला लागले.

आधी मी तिघांतली मधली होते. कधी जिंकायचे, बहुतेक वेळा नाही. आता एकापाठोपाठ एक. घरी रडून यावं, सिग्नलला डोळे पुसावेत, तीन कागद कसेबसे खरडावेत, आणि भिंतीवर माझ्या ओलांडलेल्या कोपऱ्यांवर दोन टिकल्या! मला काय वाटावं? मला वाटलं, दुःखाने माझी नजर धारदार झाली. खरंच असं वाटलं, मी ते आईला बोलूनही दाखवलं. आई पोळ्या लाटत होती, "हो का, बरं झालं" म्हणाली.

त्यातली खवणी तर बाजारात आली. ओट्यावर बसवायची, उभ्याने नारळ खवायची खवणी. माझ्या कागदावर तिला खाली रबराची एकच वाटी होती, ओट्याला धरून ठेवणारी. मॉडेल आमचा तो करतो. करून आणलं तेव्हा खाली वाटी नव्हती, ओट्याच्या कडेला अडकणारी आकडी होती, मान जरा वाकलेली होती आणि पात्याखाली खोबरं पडायला तबक होतं. "मॉडेल करताना थोडं बदललं," तो म्हणाला. मी ती हातात घेतली, फिरवून पाहिली. माझ्या मनात आलं, बघा, मुळात कल्पना चांगली असली की ती पुढे अशी आपोआप फुलते.

आपोआप! कप्पाळ माझं!

याहून वाईट पुढे आहे. घराजवळच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं. विद्यार्थी, प्राध्यापक, पडद्यावर खवणी मोठी करून लावलेली. मी म्हणाले, "वस्तू काढण्याआधी माणूस बघा. तुमच्या घरातली माणसं कशी बसतात, कशी उठतात, कुठे हात टेकवतात, ते बघा. रेघ मग आपोआप येते." टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत माझे दोघं भागीदार बसले होते, कामं टाकून हडपसरहून आले होते. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्या. त्या टाळ्यांचा आवाज आता आठवला की मी भाजी चिरताना सुरी खाली ठेवते आणि उगाच नळ सोडून हात धुते.

मला हे कळलं ते तिच्या वडिलांकडून. आप्पा सकाळी गोदामाच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. फार मायाळू माणूस. त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले.

"आज लवकर?" आप्पा म्हणाले.

"रस्ता मोकळा होता, आप्पा."

"बरी हायस ना पोरी आता? सावरलीस?"

"मला काय झालंय?" मी नेहमीच्या ठसक्यात म्हणाले.

"ते बी खरं हाय," ते म्हणाले आणि पेपराची घडी घातली. "माणसाचे दिवस येत्यात, जात्यात. पोरगी बोललीच मला. म्हणाली, आप्पा, तिच्या चित्राला आम्ही दोघं टिकली लावतोच आता, तेवढंच तिला बरं वाटतंय. मी म्हटलं, लावा की. तुमचं काय जातंय?"

ते हे अगदी प्रेमाने बोलले. माझ्या डोक्यावर हात ठेवावा तसं. मी "हो ना" म्हणाले. चेहरा हसराच ठेवला असणार, कारण ते पुन्हा पेपर उघडून बसले. मी आत गेले, लाइट न लावता माझ्या टेबलाशी उभी राहिले. कान इतके तापले होते की मी दोन्ही कानांवर गार पाण्याची बाटली लावली.

राग आला असता तर किती बरं झालं असतं. रागात मी पटाईत आहे. पण राग कुणावर काढणार? दोघांनी माझं वाईट केलं नव्हतं. लिफ्टमधल्या बायका निदान तोंडावर मान तिरकी करायच्या. इथे दर सोमवारी माझ्यासमोर, माझ्या देखत, हे दोघं माझ्याकडे मान तिरकी करत होते आणि मी ती मानाची पगडी समजून डोक्यावर घेऊन फिरत होते. सरळ हरभऱ्याच्या झाडावर चढवली होती मला, आणि मी वर बसून पोरांना भाषण देत होते. जमिनीत गडप व्हावं असं म्हणतात ना, मला तर वाटलं जमिनीनेसुद्धा मला घेऊ नये, तिलाही ओशाळल्यासारखं होईल.

ते दोघं आले. चहा झाला. तिने माझ्यापुढे बिस्किटाचा पुडा सरकवला, मी खाल्लं. आप्पा बोलले ते मी काढलं नाही. कारण त्या लाजेच्या खाली आणखी एक प्रश्न होता आणि तो जास्त टोचत होता. टिकल्या खोट्या, हे ठीक आहे. पण कागद? सगळेच वाईट होते का? मला अजून काम येतं की हे दोघं मला नुसतं सांभाळताहेत? हे कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर दोघंही तोंडभरून खोटं बोलले असते.

त्या आठवड्यात काम होतं न्हाणीघरातल्या स्टुलाचं. वयस्कर माणसांना बसून आंघोळ करता यावी म्हणून. प्लॅस्टिकचं, एका साच्यातून निघेल असं. मी ठरवलं की या वेळी आपण परीक्षा घ्यायची. त्यांची आणि आपलीही.

एक कागद मी माझ्या हातचा काढला, कोपरे नेहमीपेक्षाही जास्त ओलांडून. त्यावर काय काढलं? कुठल्याही प्लॅस्टिकच्या दुकानाबाहेर एकावर एक चळत लावून ठेवलेलं असतं ना, तेच स्टूल. मधे भोक, चार पाय. त्यात माझं काही म्हणजे काहीही नव्हतं. दुसरा कागदही माझ्याच हातचा, असाच भरताड. आणि तिसरा कागद मी खराखुरा काढला. शनिवार-रविवार दार लावून बसले. खूप दिवसांनी मी खरंच विचार करत होते, खोडत होते, परत काढत होते. बैठक मधे जराशी खोलगट, दोन्ही कडा वर उचललेल्या, पाय बाहेर फाकलेले, सगळा आकार एका वळणात. मला तो आवडला. आणि तो मी त्याच्या हाताने काढला. म्हणजे पेन लांब धरून, खांद्यापासून हात फिरवून, प्रत्येक रेघ दोनदा. सराव करायला वहीचे कितीतरी कागद घालवले. जमलं. माझी स्वतःची रेघ ओळखू येणार नाही इतकं जमलं.

माझा हिशेब साधा होता. भरताड कागदाला दोन टिकल्या मिळतील, हे मला माहीत होतं. पण तिसऱ्याला, तो त्याचा आहे असं समजून तिने टिकली लावली, तर ती खरी. एक टिकली पुरे होती मला.

सोमवारी भिंत लागली. आम्ही तिघं आत शिरलो. त्याची नजर सगळ्या कागदांवरून एकदा फिरली आणि माझ्या तिसऱ्या कागदावर अडकली. अडकणारच. त्याने तीन कागद लावले होते आणि भिंतीवर त्याच्या हातचे चार होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

आधी माझ्या भरताड स्टुलाची पाळी आली. ती म्हणाली, "छान साधं आहे. उगाच नखरे नाहीत." मग ती त्याच्या बोलण्याची वाट बघत थांबली. तो जरा वेळाने म्हणाला, "हो. यात एक प्रामाणिकपणा आहे."

प्रामाणिकपणा! रस्त्यावरच्या स्टुलात! दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर या माणसाने त्याची पार भादरून ठेवली असती. मी माझे हात पाठीमागे बांधले.

मग ती तिसऱ्या कागदासमोर गेली. आणि हसली. मोकळं, मोठ्याने, आप्पांसारखं.

"अरे बाबा, हे काय? हे स्टूल आहे की देव्हाऱ्यात ठेवायचंय?" ती कागदापाशी वाकली. "मधे खड्डा केलाय, त्यात पाणी साचणार. साबणाचं पाणी. त्यावर म्हातारी बसणार आणि घसरणार. पाय एवढे फाकवलेत, आमच्याकडची न्हाणी बघितलीयेस का केवढी असते? बादली कुठे ठेवू, डोक्यावर? आणि साच्यातून हे निघणार कसं, फोडून?" ती मजेत आली होती. नियम मोडून तिने सरळ त्याच्याकडे वळून त्याच्या दंडावर चापट मारली. "तुझा हात आज झोपेत होता का रे?"

 ती हसतच राहिली, मग तिला कळलं की तो हसत नाहीये. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"माझा आहे तो," मी म्हणाले.

ती आधी समजलीच नाही. मग तिची नजर कागदाकडे, त्या जुळ्या रेघांकडे गेली, तिथून त्या भरताड कागदाकडे, आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "अगं... म्हणजे... तसा वाईट नाहीये तो..." ती म्हणायला लागली. "आकार खरं तर..."

"गप्प बस!" मी ओरडले. इतक्या जोरात की दारातून आप्पांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आत्ता जे बोललीस ते खरं. परत फिरवू नकोस. किती दिवस चाललंय हे?"

ती रडायला लागली. तिला वाटत होतं मी टिकल्यांवरून चिडले आहे. मी चिडले नव्हते. मला तोंड कुठे लपवावं ते कळत नव्हतं, आणि लपवायला दुसरं काही नसलं की मी ओरडते, ही माझी जुनी खोड आहे. एक टिकली हवी होती मला, एक खरी. आणि जो कागद मी जीव ओतून काढला होता तो सपशेल वाईट होता. पाणी साचणार होतं. पाय अडकणार होते. ती म्हणाली त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता आणि मला तो दिसला नव्हता.

"कुणी सुरू केलं?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला. "पहिल्यांदा तुझे कागद बघवत नव्हते. तुला सांगावं तर तू 'मी आजारी नाही' म्हणून आमच्याच अंगावर येणार. म्हटलं, एक-दोन आठवडे. मग थांबायचं कसं तेच कळेना. तू कॉलेजात भाषण द्यायला लागलीस."

"खवणी?"

"खवणी माझी आहे," तो म्हणाला. "मान तिची आहे. वाटी तुझी होती, ती काढून टाकली. कडप्प्याच्या खडबडीत ओट्याला ती वाटी धरत नाही, हे तुला कुणीही सांगितलं असतं. तू स्वतः एकदा लावून बघितली असतीस तर तुलाही कळलं असतं."

त्याचा आवाज चढला नव्हता. पण इतक्या दिवसांत तो माझ्याशी असा बोलला नव्हता. ती डोळे पुसत म्हणाली, "बास रे." तो म्हणाला, "बास नाही. तिला खरं हवंय ना?" आणि त्याने माझा तिसरा कागद भिंतीवरून उतरवला, टेबलावर ठेवला, त्यावर बोट ठेवलं.

"पाणी, पाय, साचा, ते हिने सांगितलं. मी एकच विचारतो. स्टुलावरून म्हातारं माणूस उठणार. ओलं अंग, साबणाचे हात. उठताना हात कुठे टेकवणार?"

मी कागदाकडे बघत राहिले. त्या सुंदर वळणाच्या कडांकडे. त्यांना धरता येत नव्हतं. त्या नुसत्याच वळत होत्या.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मग जा आणि बघून ये," तो म्हणाला. "घरात म्हातारी माणसं आहेत ना तुझ्या?"

नुकत्याच रुजू झालेल्या मुलीला बोलावं तसं. मी पिशवी उचलली आणि निघाले. आप्पांनी मान वर केली नाही, पेपरात तोंड घालून बसले होते बिचारे. हडपसर ते कर्वेनगर मी स्कूटर कशी चालवली, देव जाणे. मगरपट्ट्याच्या पुढे एका रिक्षावाल्याने "ओ मॅडम, इंडिकेटर काय शोभेला आहे का?" म्हणून विचारलं, त्याला मी "सॉरी" म्हणाले. मी, आणि रिक्षावाल्याला सॉरी!

आई एकटीच घरात होती. आंघोळीला निघाली होती, खांद्यावर टॉवेल.

"एवढ्यात कशी आलीस? आणि डोळे का असे?"

"आई, तू आंघोळ करताना स्टुलावरून कशी उठतेस ते मला बघायचंय."

"काय?"

"कपडे काढू नकोस. नुसती बस आणि ऊठ."

आईने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. माझ्या कामातलं तिला फारसं कळत नाही, पण हे काम आहे एवढं कळलं असावं. ती न्हाणीघरात गेली, साडी गुडघ्यापर्यंत उचलून स्टुलावर बसली. मी दारात उभी राहिले.

"ऊठ," मी म्हणाले.

आईने उजवा हात पुढे केला आणि नळ धरला. भिंतीतला, बादलीवरचा नळ. अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला, नळ खाली झुकला, भिंतीतून किंचित सिमेंट झडलं. एकदा उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, परत बसली. मग डावा तळहात भिंतीच्या फरशीवर दाबला, तो खाली घसरला, मग पुन्हा नळ. दात आवळून ती उठली. तोंडातून हुंकार निघाला. तो हुंकार मी रोज सकाळी ऐकत होते. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडेच तर न्हाणीघर आहे. मला वाटायचं, आई काहीतरी स्तोत्र म्हणतेय.

"तू नेहमी अशीच उठतेस?"

"मग कशी उठू?"

"कधीपासून?"

"झालं वर्ष. मागे पडलेही होते एकदा इथेच. इथे लागलं होतं," तिने कोपर दाखवलं. कोपरावर जुनी, पांढुरकी खूण होती. रोज त्या हाताने मला ती पोळी वाढत होती.

"आई! मला सांगितलं का नाहीस?"

"तुला कुठे सांगू," आई म्हणाली. ती अजून धापा टाकत होती आणि टॉवेलाने हात पुसत होती. "तुझंच इतकं चाललं होतं. बाबांना म्हटलं, तिला आता आणखी त्रास नको द्यायला. तशी तू कामात खूश होतीस ना. तुझी ती खवणी वगैरे."

मला वाटलं रडू येईल, पण आलं नाही.  घाईत पायातच राहिलेल्या चपला मी काढल्या आणि तिच्यासमोर खाली ओल्या फरशीवर बसले, तिचा हात आणि नळ दोन्ही डोळ्यांसमोर येतील अशी.

"आई, अजून एकदा बसशील?" मी म्हणाले. "या वेळी हळू ऊठ."